'तुम्ही जावा की': बेळगावच्या अरुंद फुटपाथवर चालायची रीत

गणपत गल्लीतून पायी निघालं की निम्मं चालणं असतं आणि निम्मं सरकणं. एका अंगाला दुकानांच्या पुढे आलेल्या पायऱ्या, दुसऱ्या अंगाला स्टँडवर लावलेल्या गाड्यांची हँडलं, पायाखाली गटारावरच्या फरश्या, आणि त्यावरून दोन्ही दिशांनी माणसं. समोरून कुणी आलं की एकाला थांबावं लागतं, अंग चोरावं लागतं, नाहीतर खाली रस्त्यावर उतरावं लागतं. कोणी उतरायचं हे ठरवायची एक रीत आपल्याकडे आहे. ती कुणी कुणाला शिकवत नाही. बघून बघून येते, आणि ज्याचं लक्ष नसतं त्याला येत नाही.

मलाही बरीच वर्षं आली नव्हती. एका पावसाळ्यात खडेबाजारातून फोनवर बोलत चाललो होतो, अगदी फुटपाथच्या मधोमध. समोरून एक आज्जी येत होत्या, हातात पिशवी, पिशवीतून कोथिंबिरीची जुडी बाहेर आलेली. मी बाजूला होत नाही हे बघून त्या खाली उतरायला गेल्या, दगडाच्या ओल्या काठावर चप्पल सटकली, आणि त्या रस्त्यावरच बसल्या. मागून येणाऱ्या रिक्षावाल्यानं कचकन ब्रेक मारला. मी धावलो, हात धरून उठवलं. त्या म्हणाल्या, "लागलं न्हाई बाळ. तू बोल की फोनवर." त्यात टोमणा अजिबात नव्हता, आणि तेच जास्त लागलं. फोन तेव्हाही चालूच होता.

त्यानंतर मी लोक कसे चालतात ते बघायला लागलो. खाली जे लिहिलंय ते त्या बघण्यातून आलेलं आहे. उदाहरणं बेळगावची आहेत, पण निपाणी, खानापूर, चिकोडीच्या बाजारपेठांची ठेवण थोड्याफार फरकानं अशीच आहे, त्यामुळे तिथंही चालेल.

आधी जागेचा हिशेब

माणूस खांद्यापाशी साधारण दीड फूट रुंद असतो. चालताना हात हलतात, तोल जातो, म्हणून एका माणसाला मोकळेपणानं दोन फूट तरी लागतात. दोन्ही हातांत पिशव्या असतील तर तीन. उघडी छत्री तीन-साडेतीन फूट. म्हणजे दोन छत्र्या एकमेकींना न लागता जायच्या तर सात फूट हवेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांत राहत्या भागासाठी किमान 1.8 मीटर, म्हणजे सहा फुटांच्या आसपास, मोकळा फुटपाथ सांगितलाय, बाजारपेठेसाठी 2.5 मीटर, आणि डोक्यावर 2.2 मीटर उंचीपर्यंत काही आडवं येता कामा नये असंही. आपल्या जुन्या गल्ल्यांत विजेचा खांब, दुकानाचा बोर्ड आणि पायरी वजा केली की कुठं दोन फूट उरतात, कुठं दीड. रविवार पेठेत तर काही ठिकाणी फुटपाथ कुठं संपतो आणि दुकान कुठं सुरू होतं हे दुकानदारालाही सांगता येणार नाही.

म्हणून 'दोघांनी आपापल्या डावीकडून जावं' हा नेहमीचा नियम इथं अर्धाच उपयोगी पडतो. दोघांना पुरेल इतकी जागा असेल तर डावीकडून जा, वाद नाही. जागा एकालाच पुरेल अशी असेल तर दुसरा नियम लागतो, आणि माझ्या मते तो एकच आहे: ज्याला आधी दिसतं आणि ज्याला सरकणं सोपं जातं, त्यानं सरकायचं. या दोन गोष्टी धरून ठेवा, दिसणं आणि जमणं. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

रिकाम्या हाताच्यानं ओझेवाल्यासाठी सरकायचं. एकट्यानं लेकुरवाळीसाठी. गुडघे धड असलेल्यानं गुडघ्यावर हात ठेवून चालणाऱ्यासाठी. पुरुषानं बाईसाठी सरकायचं ही आपल्याकडची जुनी चाल आहे आणि ती मोडा असं मी म्हणत नाही, पण कॉलेजला जाणारी तरणीताठी मुलगी आणि सत्तरीचे काका समोरासमोर आले तर काकांनी गटाराच्या काठावर तोल सांभाळत उभं राहायचं हे मला पटत नाही. यावरून घरात माझं दोनदा वाजलंय.

घरातून निघताना

हे थोडक्यात. बाजाराला दोन मोठ्या पिशव्यांऐवजी एक पिशवी आणि पाठीवर सॅक बरी, पण गर्दीत शिरताना सॅक पोटावर घ्यायची. पाठीवरच्या सॅकचा धक्का मागच्याला बसतो आणि आपल्याला कळतही नाही. पावसाळ्यात गुळगुळीत झालेली रबरी चप्पल घालून निघू नका. पाय घट्ट रोवता आला नाही तर दुसऱ्याला वाट देण्याची इच्छा असूनही देता येत नाही.

दहा पावलं आधी

सगळं इथं ठरतं. समोरासमोर येणारी दोन माणसं साध्या चालीनं येत असली तरी दहा पावलांचं अंतर तीन-चार सेकंदांत संपतं. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि सरकायचं असतं. नाकासमोर आल्यावर ठरवायला गेलं की मग ती कवायत सुरू होते: आपण डावीकडे, तोही तिकडेच, आपण उजवीकडे, तोही उजवीकडे, दोघंही ओशाळं हसतो.

दहा पावलांवर माणूस दिसला की आधी मधली जागा बघा. कुठं दोन पायऱ्यांमध्ये खोबण आहे, कुठं बंद दुकानाचं शटर आहे, कुठं दोन गाड्यांच्या मध्ये फूटभर फट आहे. ती खोबण ज्याच्या जवळ, त्यानं तिथं थांबायचं आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं. एकेरी रेल्वेलाईनवर जसं क्रॉसिंगला एक गाडी स्टेशनात उभी करतात तसंच हे. स्टेशनात उभी राहिलेली गाडी हलकी ठरत नाही.

सरकायचं ठरलं की ते समोरच्याला दिसेल असं, लवकर आणि पुरतं सरका. अर्धवट खांदा वळवून 'बघू काय होतंय' असं चालत राहिलं तर समोरचाही गोंधळतो. एक गोष्ट अनुभवानं कळली: आपण जिकडे बघतो तिकडेच पाय जातात, आणि समोरचाही आपल्या नजरेवरूनच ओळखतो. म्हणून त्याच्या डोळ्यांत बघत बसू नका. एकदा बघा, आणि मग जिकडून जाणार तिकडे नजर लावा. तरीही कवायत सुरू झालीच तर चटकन थांबा, हातानं वाट दाखवा, आणि म्हणा, "तुम्ही जावा की." बेळगावात या तीन शब्दांनी जेवढी कोंडी सुटते तेवढी ट्रॅफिक पोलिसाच्या शिट्टीनंही सुटत नाही.

अंग आडवं करून जायची वेळ आली तर तोंड दुकानाकडे करा, पिशवी पुढे धरा. समोरच्याच्या छातीला छाती भिडेल असं वळू नये. पाठ दाखवली म्हणून अपमान झाला असं फुटपाथवर कुणी मानत नाही. आणि समोरचा थांबलेला असताना आरामात रमत जाऊ नका. दोन पावलं भराभर टाका, मान हलवा.

खाली कुणी उतरायचं

फुटपाथवरून रस्त्यावर उतरण्यावाचून पर्याय नसेल तेव्हा एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे: ज्याच्या तोंडासमोरून गाड्या येतायत, त्यानं उतरावं. त्याला येणारी गाडी दिसते. दुसऱ्याच्या पाठीमागून गाड्या येतात, त्यानं उतरणं म्हणजे डोळे मिटून उतरणं. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणजे फुटपाथ तुमच्या उजव्या हाताच्या कडेचा असेल तर तुमच्याजवळची रांग समोरून येते, उतरायची पाळी तुमची. एकेरी वाहतुकीच्या गल्लीत हा हिशेब त्या गल्लीच्या दिशेवरून करायचा. शिवाय बाजारपेठेत उलट्या दिशेनं शिरणारे दुचाकीवाले असतातच, तेव्हा उतरण्याआधी मान दोन्हीकडे वळवा.

वडगाव, अनगोळच्या आतल्या रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी फुटपाथच नाही. तिथं रस्त्याच्या उजव्या कडेनं, गाड्यांकडे तोंड करून चाला. दोघं समोरासमोर आले तर गाड्या ज्याला दिसतायत त्यानं बाहेरची बाजू घ्यायची आणि पाठमोऱ्याला आत, भिंतीकडे जाऊ द्यायचं.

मागून पुढे जाताना

पुढचा सावकाश चाललाय आणि तुम्हाला घाई आहे. खाकरायचं नाही, चप्पल घासायची नाही, टाचेला टाच लावून तर अजिबात चालायचं नाही. तीन-चार पावलं मागे असतानाच बोला, अगदी कानाशी जाऊन बोललात तर माणूस दचकतो.

बोलायचं कोणत्या भाषेत? आपल्या गावात हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर सोपं आहे. नात्याच्या शब्दानं सुरुवात करा. अण्णा, अक्का, आज्जी, काका, मावशी हे शब्द इथं मराठी माणसाला कळतात आणि कन्नड माणसालाही, उच्चाराचा थोडा फरक सोडला तर. पाठमोऱ्या माणसाची भाषा कळत नाही, वय मात्र कळतं. "अण्णा" म्हणून पुढे "वाईच सरा की" म्हणा किंवा "स्वल्प सरीरी" म्हणा, काम होतं. कन्नडमधले हे चार तुकडे पाठ असावेत: "दारी बिड्री", म्हणजे वाट सोडा, "मुंद होग्री", म्हणजे पुढे व्हा, "तप्पाय्तरी", म्हणजे चुकलं, आणि कुणी आपल्याला चुकलं म्हणालं तर "इरली बिड्री", असू द्या. शेवटचा 'री' खाऊ नका. आपल्या 'हो'सारखाच तो आदराचा आहे, आणि तो गाळून नुसतं "सरी" म्हटलं तर घरच्या लहान पोराला सांगितल्यासारखं होतं. दख्खनी हिंदीत "भाई, जरा बाजू" पुरतं, वयस्कर असेल तर "चाचा".

मराठीतही हेच. "ओ, सरा" आणि "सरा की वो जरा" यांच्यात शब्द दोनच जास्त आहेत, पण पहिल्याला लोक वळून बघतात आणि दुसऱ्याला सरकतात. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना आपला 'की' कधी कधी उद्धट वाटतो. त्यांना काय माहीत, इथं विनंतीच 'की'नं होते.

पुढे गेल्यावर लगेच आत घुसू नका. दोन पावलं अंतर ठेवून मग त्याच्या रेषेत या. आणि पुढे जाऊन तिथंच दुकानाच्या काचेसमोर थांबणार असाल, तर मुळात मागेच राहायचं होतं.

पावसात

जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस उभा कमी आणि आडवा जास्त. वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे त्या दिशेला तोंड करून चालणारा छत्री पुढे झुकवून, ढालीसारखी धरून चालतो. त्याला समोरच्याची फक्त पावलं दिसतात, तीही शेवटच्या क्षणी. उलट वाऱ्याकडे पाठ असलेल्याची छत्री मागे झुकलेली असते आणि पुढचं सगळं दिसतं. तेव्हा सरकायचं कोणी? ज्याला दिसतं त्यानं, म्हणजे वारा ज्याच्या पाठीशी आहे त्यानं. सरकताना "सावकाश हो" एवढं तोंडानं म्हणावं, म्हणजे ढालीमागच्याला कळतं की समोर कुणी आहे.

दोन छत्र्या समोरासमोर आल्या की उंच माणसानं आपली छत्री वर उचलायची आणि बुटक्यानं खाली घेऊन बाहेरच्या अंगाला कलती करायची. दोघांनीही वर उचलल्या तर काड्या अडकतात, दोघांनीही कलत्या केल्या तर दोघांचं पाणी एकमेकांच्या खांद्यावर. छत्रीच्या काडीचं टोक बरोबर दुसऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतं, विशेषतः उंच माणसाच्या शेजारून ठेंगणा माणूस छत्री घेऊन जातो तेव्हा. लहान मुलांच्या हातात रंगीत छत्री दिलीत तर ती ते गरगर फिरवणारच. गर्दीत त्यांना रेनकोट घाला.

आता वळचणीचा प्रश्न. जुन्या कौलारू घरांच्या आणि दुकानांच्या पागोळ्या फुटपाथच्या बाहेरच्या काठावर गळतात. भिंतीला लागून दीड फुटाची एक कोरडी पट्टी राहते, आणि सगळे तिथूनच चालू बघतात. या पट्टीवर पहिला हक्क ज्याच्याकडे छत्री नाही त्याचा. छत्री उघडून वळचणीखालून चालणारी माणसं मी रोज बघतो, आणि त्यांच्यासमोर बिनछत्रीची शाळकरी पोरं बाहेर पागोळ्यांत उतरतात. छत्रीवाल्यानं बाहेर व्हावं, छत्री त्यासाठीच घेतलीय. दुकानात शिरताना छत्री बाहेरच मिटा, पण झटकण्याआधी मागे बघा.

आणि साचलेलं पाणी. फुटपाथवर डबकं असेल तर ते ओलांडणारा एकच दगड असतो, कुणीतरी टाकलेला. दगडावर ज्याचा पाय आधी पडला त्याला पूर्ण येऊ द्या. त्याला मध्येच थांबवता येत नाही.

बुट्टी, पोतं, गाडा

डोक्यावर बुट्टी, म्हणजे टोपली, घेऊन चालणाऱ्या बाईला नीट बघा. चुंबळीवर बुट्टी, बुट्टीत दहा-पंधरा किलो भाजी, एक हात वर, मान ताठ. तिला खाली बघता येत नाही, मान फिरवता येत नाही, आणि एकदम थांबताही येत नाही, कारण शरीर थांबलं तरी ओझं पुढे जातं. तिला फुटपाथची भिंतीकडची बाजू देऊ नका. तिथं दुकानांचे बोर्ड आणि खाली ओढलेली ताडपत्री बुट्टीला लागते. तिला मधली, मोकळी बाजू द्या आणि आपण पायरीवर चढून उभे राहा. मागून हाक मारू नका, भाव विचारायचा असला तरी. पुढे जाऊन, तिच्या नजरेसमोर येऊन विचारा. उतरवायला हात लावा म्हणाली तर दोन्ही हातांनी, तिनं "हं" म्हटल्यावरच.

हमाल पाठीवर पोतं घेऊन "वाट! वाट!" किंवा "बाजू!" असं ओरडत येतो. तो उद्धट नाही. वाकलेल्या माणसाला पुढची फक्त जमीन दिसते, आणि श्वास इतकाच उरतो की एका शब्दावर भागवावं लागतं. आवाज आला की कुठून येतोय ते बघत बसू नका, आधी भिंतीला लागा. हातगाडीवाला फुटपाथच्या कडेनं जात असेल तर त्याच्या पुढून तुरुतुरु पलीकडे जायचा मोह टाळा. भरलेला गाडा थांबवणं आणि पुन्हा हलवणं यात त्याचा जीव जातो, आपलं अर्धं मिनिट जातं.

थांबायचं असेल तर

आपल्या गावात घरातून निघून चौकात पोचेपर्यंत तीन ओळखीचे भेटले नाहीत असं होत नाही. "काय म्हणतंय?" "बरं हाय की." एवढ्यावर कुणाचंच भागत नाही. भेटलात तर बोला, पण पहिलं वाक्य संपायच्या आत दोघंही बंद शटरसमोर किंवा बोळाच्या तोंडाशी सरका. बोळाच्या बरोबर मधोमध नको, आतून सायकल येते. चौघं असाल तर रिंगण करू नका, भिंतीला पाठ लावून ओळीत उभे राहा. चालतानाही तिघांनी हातात हात घालून जायची ती जागा नाही. दोन फुटांत एकामागं एक, आणि बोलणं जरा मोठ्यानं.

फोन आला तर तोच नियम, बाजूला होऊन घ्या. हे मी कोणत्या तोंडानं सांगतोय ते वर लिहिलंच आहे.

दुकानातून बाहेर पडताना पायरीवर क्षणभर थांबा आणि दोन्हीकडे बघा. चालणाऱ्याला वाट आधी, उतरणाऱ्याला नंतर. सराफाच्या किंवा कापडाच्या दुकानातून माणसं पाकिटाकडे किंवा पिशवीकडे बघत उतरतात आणि थेट एखाद्याच्या अंगावर जातात. आणि पानाची पिंक, गुळणी किंवा चूळ: थुंकायची जागा फुटपाथ नव्हेच, गटाराकडे वळून टाकणार असाल तरी मागून कुणी येतंय का हे बघितल्याशिवाय मान वळवू नका. माझा एक पांढरा शर्ट यात गेलाय.

पांढरी काठी, चाकाची खुर्ची

पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसासाठी आपण सरकायचं, हे सांगायला नको. पण सरकून गप्प उभे राहिलात तर त्याला कळत नाही की समोर कुणी आहे की खांब. "मी डावीकडे थांबलोय, तुम्ही सरळ या" असं बोला. 'इकडं', 'तिकडं' या शब्दांचा उपयोग नाही. डावं आणि उजवं त्याचं सांगा, आपलं नव्हे. मदत हवी का हे आधी विचारा. हवी म्हणाला तर त्याचा हात धरून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा, तो धरेल आणि अर्धं पाऊल मागे चालेल. काही नव्या रस्त्यांवर फुटपाथच्या मधोमध खडबडीत पिवळ्या फरश्यांची पट्टी असते. ती काठीनं आणि तळव्यानं वाट ओळखण्यासाठी आहे. तिच्यावर गाडी लावणं सोडाच, गप्पा मारत उभंही राहू नये.

चाकाच्या खुर्चीला रुंदीत तीन फूट मोकळे लागतात, जुन्या गल्लीच्या फुटपाथवर ते सहसा मिळत नाहीत, म्हणून ती रस्त्यावरूनच जाते. आपण करू शकतो ते इतकंच: बाहेरच्या अंगानं थोडं बरोबर चालावं, मागच्या गाड्यांना हात दाखवावा. खुर्ची उचलायची झाली तर कुठं धरायचं हे बसलेल्या माणसाला विचारावं. हाताची दांडी निखळते.

विक्रेते आणि लावलेल्या गाड्या

पथविक्रेत्यांचा कायदा 2014 चा आहे. त्यात विक्रेत्याला संरक्षण आहे आणि जागा ठरवून द्यायची व्यवस्थाही. फूलवाली तिच्या टोपलीसकट पाय आखडून बसते. तिच्यासमोर उभं राहून घासाघीस करणारे आपण मात्र अख्खी वाट अडवतो. फुलं घ्यायची तर वाकून किंवा उकिडवं बसून तिच्या अंगालाच घ्या.

फुटपाथवर चढवलेल्या गाडीबद्दल मात्र मी इतका समजूतदार नाही. पदपथावरून गाडी चालवणं नियमांत बसत नाही, आणि 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं पायी चालणाऱ्याचा मोकळ्या पदपथावरचा हक्क घटनेच्या 21 व्या कलमात धरलाय. तरी गाडीवाला समोर असेल तर कलमानं सुरुवात करू नका. "अण्णा, मागं आज्जी येत्यात, वाईच गाडी खाली घ्या की" याला दहातले आठ जण ऐकतात. उरलेल्या दोघांशी गल्लीत उभं राहून भांडलात तर त्या भांडणानंच फुटपाथ बंद होतो. दुसऱ्याची गाडी स्वतः ढकलून हलवू नका, एक पडली की रांगेतल्या सगळ्या पडतात.

धक्का लागला तर

कोणाची चूक हे ठरवण्याआधी "चुकलं हो" म्हणून टाका. पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतोच, तो थांबून करा, चालता चालता हवेत नको. काही सांडलं असेल तर वाकून वेचू लागा. टोमॅटो घरंगळत रस्त्यावर गेले तर आधी गाड्या बघा. समोरचा चिडलाच तर एकदा ऐकून घ्या. बाईमाणसाला धक्का लागला असेल तर माफी मागून लगेच दोन पावलं मागे व्हा, खुलासे देत जवळ थांबू नका. आणि मुद्दाम धक्के मारत फिरणारे असतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या बाबतीत या लेखातली कुठलीच नम्रता लागू नाही, मोठ्यानं बोला, आजूबाजूचे दुकानदार बाहेर येतात.

गर्दीचे दिवस

गणपतीच्या दिवसांत रात्री मूर्ती बघायला लोक गल्लोगल्ली फिरतात, आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला तर फुटपाथ म्हणजे प्रेक्षागृह होतं. तेव्हा एकेकट्यानं वाट देण्याला अर्थ नसतो, प्रवाह ओळखावा लागतो. गर्दी ज्या दिशेला सरकतेय त्याच दिशेनं जा, उलट जायचं असेल तर मागच्या गल्लीचा फेरा घ्या. लहान मूल खांद्यावर घ्या किंवा पुढे धरा, मागून हात धरून ओढत नेऊ नका. मंडपाच्या तोंडाशी दर्शन घेऊन तिथंच फोटो काढत थांबू नका. मागे बोळापर्यंत रांग असते. बसायला पायरी मिळाली तर थोडं बसून पुढच्याला द्यावी, विशेषतः कडेवर पोर असलेल्या बाईला.

अंत्ययात्रा येत असेल तर मात्र फुटपाथवर असलात तरी थांबा. पुढे जायची घाई असली तरी खांदेकऱ्यांच्या मधून किंवा पुढून जायचं नाही. जुनी माणसं टोपी काढतात, दुकानदार शटर अर्धं खाली ओढतात, कोणत्या धर्माची यात्रा हे कुणी बघत नाही. दोन मिनिटं लागतात.

फरशी

शेवटी गटारावरच्या फरशीबद्दल, कारण तिथं पाय अडकून पडलेली माणसं मी पाहिलीत. पाय पडताच डुगडुगणारी फरशी कडेला नाही, मध्येच तुटते. तिच्यावरून जाताना टाच न टेकता, फरशीच्या काठाजवळ, जिथं खाली भिंत आहे तिथं पाय द्या. दोघांनी एकाच वेळी तिच्यावर येऊ नये, एकानं अलीकडे थांबावं. महानगरपालिकेत तक्रार द्यायची तर गल्लीचं नाव, जवळच्या दुकानाचं नाव आणि फोटो द्या. 'बाजारपेठेत फरशी फुटलीय' अशा तक्रारीचं काय होतं ते सांगायला नको. दुरुस्ती होईपर्यंत फट मोठी असेल तर शेजारच्या दुकानातून एखादं खोकं किंवा झाडाची फांदी मागून तिथं उभी करा, रात्री ती दिसते.

आणि समोरून येणाऱ्याला थांबून सांगा. "ती फरशी हलतीया, बघून या." कन्नड असेल तर बोट दाखवून "कल्लू, कल्लू", म्हणजे दगड, एवढं म्हटलं तरी समजतं.